तेलाचा दिवा : एका खुणेचे वाचन आणि तिचा इतिहास

समईत तेल असेपर्यंत ज्योत तेवते आणि तेल संपले की ती विझते. 'तेलाचा दिवा' हे शब्द ऐकताच मराठी वाचकाच्या मनासमोर उभे राहते ते हेच चित्र. जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डवर मात्र याच नावाचा एक लहानसा लाल दिवा असतो आणि त्याची रीत नेमकी उलटी असते. तेल नीट फिरत असेल तर तो विझलेला राहतो. तेलाचा दाब गेला की तो पेटतो. चालक आणि मेस्त्री त्याला 'ऑईलचा दिवा' म्हणतात, आणि धावत्या गाडीत तो लागला की जाणता चालक पुढचा विचार करण्याआधी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करतो.

प्रस्तुत लेखात आम्हाला या दिव्याचा विचार दोन अंगांनी करावयाचा आहे. तो वाचायचा कसा, हे एक अंग. आणि तो गाडीत आला कसा, हे दुसरे. ही दोन अंगे वरवर वेगळी वाटतात. पण कुशल मेस्त्री निदान करताना ज्या पायऱ्या उतरतो, त्या पाहिल्या तर असे दिसते की वंगणविद्येचा इतिहास ज्या वाटेने पुढे आला त्याच वाटेने तो उलटा मागे जातो. साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयाकडे का वळावे, याचे उत्तरही यातच आहे. खूण, तिचा अर्थ आणि तिच्यामागची वस्तुस्थिती यांच्यातील अंतर हा आपला रोजचा विषय. फरक एवढाच की कवितेचा अर्थ चुकला तर इंजिन निकामी होत नाही.

दिवा नेमके काय सांगतो?

प्रथम या खुणेची रचना पाहू. इंजिनाच्या मुख्य तेलवाहिनीवर एक छोटा स्विच बसवलेला असतो. त्याच्या आत एक पातळ पडदा, एक स्प्रिंग आणि एक विद्युतसंपर्क असतो. किल्ली फिरवली की बॅटरीचा प्रवाह दिव्यातून एका एकेरी तारेने या स्विचपर्यंत येतो. तेलाला दाब नसेल तर संपर्क मिटलेला राहतो, प्रवाह इंजिनाच्या धातूत उतरून परिक्रमा पूर्ण करतो आणि दिवा लागतो. इंजिन सुरू झाले, पंपाने तेल ढकलले की पडदा उचलला जातो, संपर्क तुटतो, दिवा विझतो.

म्हणजे या दिव्याला तेल दिसत नाही. तेलाची पातळी, त्याचे वय, त्याचा दाटपणा यांतले काहीही त्याला कळत नाही. त्याचे एकच विधान आहे : 'ही तार या क्षणी धातूला टेकलेली आहे.' बाकीचा सारा अर्थ आपण त्याला चिकटवतो. जुन्या गाड्यांच्या मालकांत सर्रास आढळणारा समज असा की दिवा लागला म्हणजे तेल कमी झाले, वरून ओतले की काम झाले. तेल कमी होणे हे दाब जाण्याच्या अनेक कारणांपैकी केवळ एक कारण आहे. पातळी पुरेशी असताना वरून तेल ओतत राहिले, तर ते क्रँकच्या फटकाऱ्यात सापडून फेसाळते. आणि फेसाळलेले, हवेने भरलेले तेल दाब धरत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हा स्विच साधारणतः दर चौरस इंचास ४ ते ७ पौंड इतक्या अल्प दाबाला लावलेला असतो. निरोगी इंजिन गरम असताना, रस्त्यावरच्या वेगात, ४० ते ६० पौंड दाब सहज दाखवते. तेव्हा दिवा लागतो तो दाबाचा फार मोठा भाग नाहीसा झाल्यावर. प्रकृती ढासळत असतानाच्या लांबलचक काळात तो गप्प असतो आणि बोलतो ते अगदी शेवटच्या घटकेला. या गप्प असण्याचा विचार पुढे करू.

वंगणापासून दाबापर्यंत

'वंगण' हा शब्द आपल्याकडे मोटारीहून कितीतरी जुना आहे. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणे हा गाडीवानाच्या दिनक्रमाचा भाग होता. तेथे इशाऱ्याचे काम कानाचे होते. चाक कुरकुरू लागले की वंगणाची वेळ झाली. वंगणासाठी जे तेल वापरात होते त्यांत एरंडेलही होते, आणि याच एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून वेकफील्ड यांच्या कंपनीने १९०९ साली आपल्या नव्या इंजिनतेलाचे नाव 'कॅस्ट्रॉल' ठेवले. बैलगाडीपासून मोटारीपर्यंतचे अंतर वाटते तितके लांब नाही.

आरंभीच्या कित्येक मोटारींत वंगण थेंबाथेंबाने पोचवले जाई. चालकासमोरच काचेच्या छोट्या नळ्या असत. त्यांतून तेलाचे थेंब पडताना दिसत आणि चालकाने ते मोजून कमीअधिक करावयाचे असत. येथे खूण आणि वस्तू यांत अंतरच नव्हते. जे तेल बेअरिंगकडे जाणार तेच डोळ्यांसमोर ठिबकत होते. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'मध्ये तर तेलाचा दाब मोजणारे साधन मुळातच नव्हते, कारण दाब देणारा पंपच नव्हता. फिरणाऱ्या भागांनी उडवलेल्या तेलावर सारे भागत असे. तेल आहे की नाही हे पाहायला इंजिनाच्या तळाशी एकाखाली एक अशा दोन तोट्या होत्या. वरची उघडल्यावर तेल आले तर उत्तम. खालचीही कोरडी निघाली तर गाडी हलवू नये. ही तपासणी करण्यासाठी मालकाला रस्त्यावर आडवे व्हावे लागे.

तेलाचा 'दाब' ही कल्पना मात्र मोटारीच्या नव्हे, रेल्वेच्या दुनियेतून आली. आणि तिच्या जन्माची कथा फार बोधप्रद आहे. इंग्लंडमधील मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेसाठी बोशां टॉवर हे संशोधक रेल्वेच्या आसावरील बेअरिंगचे घर्षण मोजत होते. त्यांचा अहवाल १८८३ साली प्रसिद्ध झाला. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला आणि वर भार घेतलेले पितळी बेअरिंग, अशी मांडणी होती. तेल सोडण्याची नेहमीची जागा म्हणून बेअरिंगच्या माथ्यावर त्यांनी एक भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. भोकात बूच मारले, ते उचलले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकली. अखेर त्यांनी तेथे दाबमापक बसवला, तर काटा २०० पौंडांच्या पुढे गेला. बेअरिंगवरच्या भाराचा सरासरी दाब याच्या निम्म्याच्या आसपास होता.

याचा अर्थ असा की फिरणारा आस बेअरिंगला टेकलेलाच नव्हता. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत होता आणि तो थर उचलून धरणारा दाब आसाच्या फिरण्यातूनच निर्माण होत होता. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी या घटनेचे गणित मांडले. आजचे सारे बेअरिंगशास्त्र त्यावर उभे आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने मुद्दा असा : इंजिनातील पंप हा क्रँकला उचलून धरत नाही. तो फक्त तेल पोचवत राहतो. उचलण्याचे काम तो पातळ थर करतो, आणि तो थर बाहेरून कोणालाही दिसत नाही. काचेच्या नळीतला थेंब डोळ्यांना दिसत होता. आता खरी घटना धातूच्या आड, मिलिमीटरच्या काही शतांश भागांच्या फटीत घडू लागली. त्यामुळे तिच्याविषयी कोणीतरी बाहेर येऊन सांगण्याची गरज निर्माण झाली.

हा निरोप सांगण्याचे काम प्रथम काट्याकडे आले. फ्रान्समधील यूजेन बूर्दाँ यांनी १८४९ साली पेटंट घेतलेला वक्रनळीचा दाबमापक वाफेच्या इंजिनांवर आधीच रुळलेला होता. दाब वाढला की वाकवलेली चपटी नळी सरळ होऊ पाहते आणि काटा फिरवते, इतके त्याचे तत्त्व साधे. पंपाने दाबाखाली तेल फिरवणारी इंजिने रूढ झाली तसा हाच काटा मोटारीच्या डॅशबोर्डवर आला. इंजिनापासून एक बारीक नळी थेट चालकासमोर येई आणि तीत खरोखरचे तेल असे.

काटा गेला, दिवा आला

१९३० च्या दशकात अमेरिकेतील हडसन कंपनीने आपल्या गाड्यांत तेलाच्या काट्याऐवजी लाल दिवा बसवला. पुढील दोन-तीन दशकांत साध्या गाड्यांतून काटा जवळपास हद्दपार झाला. अमेरिकी बोलीत या दिव्याला जे नाव पडले त्याचा अर्थ 'मूर्खांचा दिवा' असा होतो. या नावात तुच्छता आहे आणि ती कोणाविषयी आहे हे पाहण्यासारखे आहे. मोटार हे श्रीमंतांचे वाहन होते तेव्हा ती चालवायला पगारी माणूस असे. त्याच्यासाठी रूढ झालेल्या 'शोफर' या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टीत जाळ घालणारा. यंत्र तापवणे, थंड करणे, त्याची नाडी पाहणे हा त्याचा व्यवसायच होता. सामान्य कुटुंबे स्वतःची गाडी स्वतः चालवू लागली तेव्हा काटा वाचण्याची ही विद्या सर्वांकडे असणार नाही, हे गृहीत धरले गेले. जाणकारांनी त्या नव्या चालकाला मूर्ख ठरवले आणि दिव्याला त्याचे नाव दिले.

आम्हाला हा न्याय एकांगी वाटतो. काट्याकडे मुद्दाम पाहावे लागते. दिवा नजर ओढून घेतो. रहदारीत दोन्ही डोळे रस्त्यावर ठेवणाऱ्या माणसाला चाळीसचे पंचवीस पौंड झाल्याचे कळणे अवघड, पण काळोख्या डॅशवर लाल ठिपका उमटलेला तो चुकवणार नाही. शिवाय गरम तेल भरलेली नळी माणसांच्या पायांजवळून नेण्यापेक्षा एक तार नेणे स्वस्त आणि सुरक्षित. तेव्हा दिव्याने ज्ञान नष्ट केले असे म्हणण्यापेक्षा त्याने ज्ञानाची वाटणी केली असे म्हणावे. चालकाला एकच शब्द मिळाला : 'थांब'. त्या शब्दामागचे सारे वाक्य मेस्त्रीकडे गेले. या वाटणीची किंमत कोणी मोजली, हा खरा प्रश्न आहे.

दिव्याला पुढे चित्रही मिळाले. वाहनांवरील चिन्हांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात तेलासाठी लांब चोचीची कुपी आणि चोचीच्या टोकाला एक थेंब असे चिन्ह आहे. शिवणयंत्राला तेल देणारी कुपी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते पटकन कळते. आजच्या विद्यार्थ्यांना त्यात अल्लादिनचा दिवा दिसतो, तर आमच्या पिढीला झारी. झारी म्हटली की तिच्या चोचीत बसलेले शुक्राचार्य आठवणारच. आणि इंजिनाच्या बाबतीत ती उपमा किती नेमकी लागू पडते हे पुढे येईलच.

कुर्ल्याची गाडी

जुनी गाडी म्हणताच महाराष्ट्रातील वाचकाला आठवते ती फियाट, म्हणजेच नंतरची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. फियाटच्या परवान्याखाली १९५० च्या दशकात तेथे ११०० या मालिकेतील गाड्या होऊ लागल्या. १९६४ च्या सुमारास '११०० डिलाइट' आली आणि हीच गाडी १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे तिचे इंजिन. इटलीत या रचनेचे आयुष्य १९६० च्या दशकात संपले. आपल्याकडे मात्र ती जवळजवळ शतकाच्या अखेरीपर्यंत तयार होत राहिली. परवाना पद्धतीच्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, त्यामुळे हाती असलेली गाडी जगवणे हा पर्याय नव्हता, ती गरज होती. एकच इंजिन पुनःपुन्हा उघडले जाई, बोअर केले जाई, बेअरिंगे बदलून परत जोडले जाई.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत हेच इंजिन दोन-दोन पाळ्यांत चाले. उन्हाळ्यातली गर्दी, तापलेले इंजिन, सिग्नलवरचा संथ फेरा, आणि डॅशवर लुकलुकणारा लाल ठिपका. ज्याचे रोजचे पोट त्या चाकांवर आहे त्याच्यासाठी हा ठिपका म्हणजे एक हिशेब होता. आत्ता थांबलो तर आजचा धंदा बुडाला. न थांबलो तर कदाचित महिन्याची कमाई 'इंजिन कामा'त गेली. ज्ञानाच्या वाटणीची किंमत म्हणतो ती ही. 'थांब' या एका शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवण्याइतके ज्ञान तरी चालकाकडे असावे लागे. आणि अनुभवी टॅक्सीवाल्यांकडे ते असे. दिवा केवळ गरम इंजिनावर, संथ फेऱ्यातच मिणमिणतो आणि जरा ॲक्सिलरेटर दाबताच विझतो, की भर वेगातही पेटलेला राहतो, हा फरक त्यांना पक्का ठाऊक असे. पहिल्या प्रकारात काम निघणार आहे. दुसऱ्यात ते निघालेलेच आहे.

मुंबईत नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावर दिसेनाशी झाली. वृत्तपत्रांनी तिच्यावर हळवे मृत्युलेख लिहिले. तिचे निदान करणाऱ्या हातांविषयी फारसे कोणी लिहिले नाही.

निदानाची उलटी वाट

आता मेस्त्री काय करतो ते क्रमाने पाहू. त्याचे पहिले साधन प्रश्न हे असते. दिवा केव्हा लागला? थंड इंजिनावर की तापल्यावर? वळणावर, ब्रेक दाबताना लागला आणि पुन्हा विझला का? तेल अलीकडे कधी बदलले, कोणते टाकले? आयुर्वेदातील दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही त्रिविध परीक्षा येथे जशीच्या तशी चालू असते. वळणावर किंवा ब्रेकवर क्षणभर लागणारा दिवा बहुधा पातळी कमी असल्याचे सांगतो. तेल एका बाजूला सरकते आणि पंपाचे तोंड उघडे पडून हवा ओढली जाते.

दुसरी पायरी तेल पाहण्याच्या पट्टीची, म्हणजे डिपस्टिकची. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, तेल खाली उतरायला काही मिनिटे दिलेली. पट्टीवर पातळी दिसते, पण जाणता मेस्त्री तेवढ्यावर थांबत नाही. तो तेल बोटांत चोळून पाहतो, वास घेतो. पेट्रोलचा वास आला आणि पातळी चढलेली दिसली तर फियाटसारख्या गाडीत यांत्रिक पेट्रोलपंपाच्या फाटलेल्या पडद्याचा संशय घ्यावा. तेथून पेट्रोल तेलात उतरते आणि त्याला पातळ करते. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. पाण्यासारखे पातळ वाटले तर ते थकलेले आहे, किंवा चुकीच्या दर्जाचे आहे. मॉडेल टीच्या दोन तोट्यांचेच हे सुधारलेले रूप. तेलाची प्रत्यक्ष भेट.

पातळी ठीक असेल तर तिसरी पायरी : दिवा खरे बोलतो आहे का? मेस्त्री किल्ली फिरवून ठेवतो आणि स्विचवरची तार काढतो. तार मोकळी हवेत असताना दिवा विझायला हवा. तरीही तो पेटलेला राहिला, तर ती तार वाटेत कोठेतरी सोलवटून धातूला टेकली आहे. इंजिन निर्दोष आहे. दिवा विझला, तर संशय स्विचवर किंवा प्रत्यक्ष दाबावर येतो.

येथे आम्हाला आपल्या न्यायशास्त्राची आठवण होते. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमानाचे आदर्श उदाहरण. नैयायिक मात्र लगेच बजावतात की धुक्याला धूर समजू नका. हेतूच असिद्ध असेल तर अनुमान कोसळते. सोलवटलेली तार हे ते धुके. स्वस्त मिळतो म्हणून स्विच आधी बदलणे, किंवा धोकादायक आहे म्हणून थेट इंजिन उघडणे, या दोन्ही गोष्टी हेतू न तपासता निगमनावर उडी मारण्यासारख्या आहेत.

चौथ्या पायरीवर इतिहास उघडपणे मागे फिरतो. मेस्त्री तो स्विचच काढून टाकतो आणि त्याच भोकात नळी लावून दाबमापक जोडतो. बूर्दाँचा काटा परत येतो. इंजिन पूर्ण गरम करून, संथ फेऱ्यात आणि वाढत्या फेऱ्यांत तो वाचायचा. जुन्या इंजिनांसाठी ढोबळ नियम असा की दर हजार फेऱ्यांमागे सुमारे १० पौंड असावेत. काटा हा नियम पाळत असेल आणि दिवा तरीही लागत असेल, तर स्विच खोटा. काटाही लोळला, तर दिवा खरा होता.

मग उरतो शेवटचा प्रश्न : दाब का नाही? पंप तेल देतो. त्या तेलाला वाटेत जो अडसर होतो त्यातून दाब निर्माण होतो. बागेच्या नळीच्या तोंडावर बोट ठेवल्याशिवाय धार जोरात जात नाही, तसेच. म्हणून कारणांची दोनच कुळे संभवतात. एक तर तेल पोचत नाही, किंवा पोचलेले तेल अडत नाही. पहिल्या कुळात झिजलेला पंप आणि त्याच्या तोंडावरची, गाळाने लिंपलेली जाळी. हा गाळ म्हणजेच झारीतले शुक्राचार्य : तेल भरपूर आहे, पंप तयार आहे, पण चोचीतच कोणीतरी बसले आहे. दुसऱ्या कुळात झिजलेली बेअरिंगे, पातळ झालेले तेल आणि उघडा अडकून बसलेला रिलीफ व्हॉल्व्ह. आता तळाचे तसराळे, ज्याला कामगार 'चेंबर' म्हणतात, ते उतरवावे लागते. जाळी धुतली जाते, बेअरिंगच्या चकत्या काढून त्यांचा पृष्ठभाग पाहिला जातो. आणि येथे मेस्त्री टॉवर यांच्या १८८३ च्या बेअरिंगपाशी येऊन पोचलेला असतो. ती फट रुंदावली आहे, थर धरला जात नाही, तरंगणारा क्रँक टेकू लागला आहे. दिवा, काटा, पट्टी, बेअरिंग : जे इतिहासात शेवटी आले ते निदानात प्रथम भेटते आणि जे सर्वांत आधी उमगले ते सर्वांत शेवटी हाती लागते.

काही जण या टप्प्यावर एक पळवाट घेतात : अधिक दाट तेल भरतात. २०डब्ल्यू-४० च्या जागी आणखी जड तेल घातले की काटा वर येतो, दिवा विझतो. फट मात्र तशीच राहते. लक्षण गेले, रोग राहिला. गाडी विकायची असेल तर एवढ्याने काम भागते. चालवायची असेल तर नाही.

न पेटणारा दिवा

आता त्या गप्प असण्याकडे वळू. न्यायशास्त्रात तापलेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण येते. त्यात अग्नी आहे, धूर नाही. कारण धूर निघायला ओले जळण हवे. या अटीला तेथे 'उपाधी' म्हणतात. तेलाच्या दिव्यालाही उपाधी आहे : फिलामेंट शाबूत हवे, तार जोडलेली हवी, स्विच चालता हवा. यांतले एक जरी नसले तर दाब शून्य होऊनही दिवा काळाच राहील. म्हणून जुनी गाडी पाहताना पहिली कसोटी दिवा विझलेला आहे का, ही नसून किल्ली फिरवताच तो पेटतो का, ही आहे. इंजिन सुरू होण्यापूर्वी तो पेटलाच पाहिजे. न पेटणारा दिवा पेटलेल्या दिव्यापेक्षा अधिक संशयास्पद. तो जळला असेल, किंवा विक्रीपूर्वी कोणी मुद्दाम मुका केला असेल. इतिहासकारांना हा प्रश्न नवा नाही. कागदपत्रांत तक्रार नाही म्हणजे अन्याय नव्हता, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी तक्रार नोंदवण्याची तार जोडलेली होती का, हे पाहावे लागते.

खुणेवर विसंबण्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे उदाहरण मोटारीबाहेरचे आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात एक झडप उघडी अडकून पडली होती आणि तिच्यातून शीतक बाहेर जात होते. नियंत्रणकक्षातील दिवा मात्र ती बंद असल्याचे सुचवत होता. त्या दिव्याला झडपेची स्थिती ठाऊकच नव्हती; बंद होण्याचा आदेश गेला आहे, एवढेच तो सांगत होता. समोरच्या माणसांनी आदेशाला वस्तुस्थिती समजून वाचले. पुढे गाभ्याचा मोठा भाग वितळला.

मोटारीतही पुढे याहून सूक्ष्म प्रकार घडला. काट्याची हौस परतली, तेव्हा काही गाड्यांत काटा आला खरा, पण त्याच्यामागे मापक नव्हता. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून माझ्दाच्या एमएक्स-५ मध्ये तेलदाबाचा काटा तोच जुना होय-नाही स्विच हलवत असे : किमान दाब असेल तर काटा मध्यावर, नसेल तर शून्यावर. चढउतार दाखवणारा खरा काटा पाहून ग्राहक घाबरतात आणि तक्रारी करतात, म्हणून त्यांना शांत ठेवणारा काटा दिला, असे याचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. 'मूर्खांचा दिवा' निदान आपण दिवा आहोत हे लपवत नव्हता. हा काटा शैलीने काटा आणि आशयाने दिवा आहे. अशी लेखने आपल्या वाचनातही येतात.

समारोप

कार्लो गिन्झबर्ग या इतालवी इतिहासकाराने १९७९ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात शिकारी, वैद्य, गुप्तहेर आणि कलापरीक्षक यांना एका सूत्रात ओवले आहे. बारीक, दुर्लक्षित खुणांवरून न दिसणाऱ्या वास्तवापर्यंत जाणारी ती एक ज्ञानपरंपरा आहे. या मालिकेत मोटारमेस्त्रीला मानाने बसवायला हवे, असे आम्हाला वाटते. आणि त्याच्याविषयी आपल्या भाषेचे काही देणे आहे. पद्मिनीच्या चाळीस वर्षांत कुर्ला, परळ, दादर येथील आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील गॅरेजांत निदानाचे जे मराठी घडले, 'बेअरिंग खाल्लंय', 'इंजिन बसलं', 'चेंबर उतरवावं लागेल', 'हाफ इंजिनचं काम आहे' अशा अचूक आणि काटकसरी वाक्यांचे, ते बहुतांशी तोंडीच राहिले. आपण बलुतेदारांच्या शब्दांचे कोश केले आणि ते योग्यच होते. पण लोहारसाळेला लागूनच उघडलेल्या गॅरेजकडे भाषेचे अभ्यासक क्वचितच फिरकले.

आताच्या गाडीत निदान संगणक करतो. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना प्रमाणित निदानव्यवस्था बंधनकारक झाली आणि पुढे जगभर तशाच पद्धती आल्या. यंत्राला यंत्र जोडायचे आणि दोषाचा क्रमांक वाचायचा. यात वाईट काही नाही. अनेक दोष त्यामुळे लवकर सापडतात. पण क्रमांक हीसुद्धा एक खूणच. तिच्यामागे एक तार, एक संवेदक आणि एक उपाधी आहेच, आणि ती तार काढून पाहणारे कोणीतरी लागणारच आहे.

पद्मिनीवर हात चालवलेले मेस्त्री आज साठी-सत्तरीत आहेत. मराठी विभागांतून दरवर्षी प्रकल्पांसाठी विषय शोधले जातात. एखाद्या विद्यार्थ्याने वही घेऊन जवळच्या जुन्या गॅरेजात जावे आणि लाल दिवा लागला की तुम्ही आधी काय पाहायचा, एवढाच एक प्रश्न विचारावा. उत्तर एका वाक्यात संपणार नाही. ते जसे सांगितले जाईल तसे, त्याच शब्दांत उतरवून घ्यावे. शुद्ध करू नये.